टूरिंग कार रेसिंग: ब्रिटन, ऑस्ट्रेलिया की आपली इरुंगाट्टुकोट्टै?

रस्त्यावर दिसते तीच गाडी, आतून सोलून काढलेली, रोल केज (गाडी उलटली तरी ड्रायव्हर वाचावा म्हणून आत बसवलेला लोखंडी सांगाडा) घातलेली, आणि ट्रॅकवर दाराला दार घासत पळणारी, याला टूरिंग कार रेसिंग म्हणतात. फॉर्म्युला वनचा कंटाळा आलेले लोक बहुतेक इकडेच वळतात आणि मग अडतात, कारण देशोदेशीच्या मालिका वेगळ्या आणि प्रत्येकीचे नियम वेगळे. इथे तीन मालिका समोरासमोर ठेवतो: ब्रिटनची बीटीसीसी (ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिप), ऑस्ट्रेलियाची सुपरकार्स आणि चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या ट्रॅकवर दिसणारी आपली इंडियन टूरिंग कार्स. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात बसून यातली एक धरायची असेल, तर आधी स्वतःला विचारा: तुम्हाला रेस नुसती बघायची आहे की गाडीत हातही घालायचा आहे? उद्यमबागेत आणि मच्छ्याला लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाचं उत्तर वेगळं येणार, आणि रविवारी सोफ्यावर बसणाऱ्याचं वेगळं.

वयाने मोठी ब्रिटनची. १९५८ साली ती ‘ब्रिटिश सलून कार चॅम्पियनशिप’ म्हणून सुरू झाली, ‘टूरिंग कार’ हे नाव १९८७ ला आलं. चिकोडी-निपाणीकडच्या बैलगाडी शर्यतीत आदत, दुसा, चौसा असे दातांवरून गट पडतात, तसे तिथे इंजिनाच्या सीसीवरून वर्ग पडायचे. फरक एवढाच की सगळ्या वर्गांचे गुण एकाच यादीत लागायचे. म्हणजे आपल्या वर्गात पहिला येणारा छोट्या गाडीचा ड्रायव्हर अख्ख्या देशाचा विजेता होऊ शकायचा. बिल मॅकगव्हर्नने १९७० ते १९७२ अशी सलग तीन विजेतेपदं सनबीम इम्पमध्ये घेतली. इम्प म्हणजे मागे इंजिन असलेली, हजार सीसीच्या आतबाहेरची चिमुकली गाडी. पुढे मोठ्या इंजिनाच्या गाड्या गुरगुरत निघून जायच्या आणि वर्षअखेर चषक याच्या घरी.

पहिल्याच वर्षीचा घोळ तर ऐकण्यासारखा आहे. जॅक सीअर्स आणि टॉमी सॉपविथ यांचे गुण सारखे झाले. नाणं उडवून निकाल लावायचं घाटत होतं, ते दोघांनाही पटलं नाही. मग ब्रँड्स हॅचच्या ट्रॅकवर एकसारख्या दोन रायली गाड्या आणल्या. एक फेरी झाली, गाड्यांची अदलाबदल केली, दुसरी फेरी झाली, आणि दोन्ही वेळांची बेरीज केली. सीअर्स १.६ सेकंदांनी जिंकला. गाडी सारखी ठेवा म्हणजे माणूस कळतो, हा विचार पहिल्या वर्षापासून या मालिकेच्या अंगात आहे तो असा.

१९९० च्या सुमारास वर्ग मोडून सगळ्यांना दोन लिटरचं इंजिन आलं आणि गाड्यांच्या कंपन्या या मालिकेवर तुटून पडल्या. १९९४ ला व्होल्वोने चक्क ८५० ची इस्टेट, म्हणजे मागे सामानाची लांब जागा असलेली घरगुती गाडी, ट्रॅकवर उतरवली. पण खर्च इतका फुगला की २००० नंतर ते नियम गुंडाळावे लागले. २०११ पासूनच्या ‘एनजीटीसी’ (नव्या पिढीची टूरिंग कार) नियमांचा मूळ हेतूच खर्च आवरण्याचा आहे: गिअरबॉक्स, ब्रेक, सबफ्रेम सगळ्यांना ठरलेल्या पुरवठादाराकडून, आणि स्वतःचं इंजिन नको असेल तर आयोजकांचं इंजिन भाड्याने.

आता तिची खरी गंमत, म्हणजे मांडणी. रविवारी एकाच ट्रॅकवर तीन छोट्या शर्यती होतात. पहिलीचा निकाल लागला की त्याच क्रमाने दुसरीची रांग लागते, आणि तिसरीला पुढच्या काही जणांची रांग चिठ्ठी टाकून उलटी करतात. जिंकणाऱ्याला शिक्षाही असते: पूर्वी गाडीत ७५ किलोपर्यंत शिसं भरायचे, २०२२ ते २०२४ मध्ये हायब्रिडची, म्हणजे जोडीच्या विजेच्या मोटरची, ताकद कमी वेळ वापरू द्यायचे, २०२५ पासून हायब्रिड गेलं आणि टर्बोच्या जादा दाबावर बंधन आलं. काहींना हा अन्याय वाटतो. मला वाटत नाही, कारण वजन वाहूनही जो पाचवा येतो त्याची किंमत तिथे कळते, आणि अॅश सटन किंवा कॉलिन टर्किंग्टनने चार-चार विजेतेपदं घेतली ती हे ओझं अंगावर असतानाच. मात्र ढकलाढकली खूप. दाराला दार घासणं आणि मुद्दाम मागून ठोकणं यातली सीमा तिथे दर रविवारी पुसट होते.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट उलटी आहे. तिथे सारखेपणापेक्षा भाऊबंदकी मोठी. १९६० ला न्यू साउथ वेल्समधल्या ऑरेंज गावाजवळ एकाच शर्यतीवर राष्ट्रीय विजेता ठरला, डेव्हिड मॅके, जॅग्वारमध्ये. अनेक फेऱ्यांची मालिका १९६९ पासून. फोर्ड विरुद्ध होल्डन हे भांडण घराघरांत होतं, बाप होल्डनवाला तर मुलगाही होल्डनवाला. १९९१ आणि १९९२ ला निसानची फोर व्हील ड्राइव्ह, ट्विन टर्बो जीटी-आर बाथर्स्टला, म्हणजे तिथल्या सगळ्यात मानाच्या शर्यतीत, जिंकली तेव्हा लोकांनी टाळ्यांऐवजी हुर्यो केली. १९९३ पासून नियमच बदलले: पाच लिटरच्या व्ही-८ फोर्ड आणि होल्डन. होल्डन हे नावच २०२० मध्ये बंद झालं, आणि २०२३ पासून मस्टँग विरुद्ध कॅमॅरो असा सामना लागला. या गाड्या आतून खास रेससाठीच घडवलेल्या असतात, वरचं रूप तेवढं शोरूमचं. ‘रस्त्यावरची गाडी’ शोधणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

पण बाथर्स्ट म्हणजे बाथर्स्ट. तिथल्या माउंट पॅनोरामा या डोंगरावरच्या ट्रॅकची एक लॅप ६.२१३ किलोमीटरची, १६१ लॅप, दोन ड्रायव्हर आळीपाळीने, हजार किलोमीटर. चढउतार १७४ मीटरचा, आणि वरच्या वळणांना दोन्ही बाजूंनी भिंती. इतर दिवशी हाच साधा सार्वजनिक रस्ता असतो, ताशी साठच्या मर्यादेचा. पीटर ब्रॉक इथे नऊ वेळा जिंकला, म्हणून त्याला डोंगराचा राजा म्हणत.

वर्षाचं विजेतेपद ठरवायची तिथली नवी पद्धत मात्र मला पटत नाही. २०२५ पासून शेवटच्या फेऱ्यांमध्ये दहा ड्रायव्हरांचे सात, सातांचे चार असे गळत जातात आणि अखेर अॅडलेडला निकाल. पहिल्याच वर्षी वर्षभर भारी पडलेला ब्रॉक फीनी शेवटच्या दिवशी मागे पडला आणि चॅझ मोस्टर्ट विजेता झाला. टीव्हीला छान, पण वर्षभराच्या घामाचं काय?

आपल्याकडे या खेळाचं मूळ मद्रासचं. १९५३ ला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला आणि शोलावरमच्या महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर फियाट, हेराल्ड, अॅम्बेसेडर पळू लागल्या. १९९० ला क्लबने इरुंगाट्टुकोट्टैला स्वतःचा ट्रॅक बांधला, ३.७१७ किलोमीटरचा. दुसरा ट्रॅक कोइमतूरजवळचा कारी, २००३ चा, करिवर्धन यांच्या नावाचा. दोन्ही तमिळनाडूत, आणि म्हणून ड्रायव्हर, मेकॅनिक, ट्यूनर बहुतेक तिकडचेच. मध्यंतरी मारुती एस्टीमने एक जमाना गाजवला, मग होंडा सिटी. इंडियन टूरिंग कार्स हा वरचा वर्ग, त्याखाली ज्युनिअर टूरिंग आणि सुपर स्टॉक. शर्यत जेमतेम पंधरा-वीस मिनिटांची, आणि कधी दोन वर्ग एकत्रच सोडतात, त्यामुळे पुढचा कोण आणि कोणत्या वर्गातला हे कळायला यादी हातात लागते. समालोचन, चित्रीकरण यात आपली मालिका बाकी दोघींच्या आसपासही नाही. घरी बसून बघायला ती धरू नका.

ती जाऊन बघायची. आणि जाणं वाटतं तितकं अवघड नाही: निपाणी-संकेश्वर-बेळगाववरून जाणारा आपला ४८ नंबरचा हायवेच पुढे बेंगळुरू ओलांडून इरुंगाट्टुकोट्टैवरून चेन्नईत शिरतो. आठशे किलोमीटरच्या आसपास अंतर.

भाग घ्यायचा असेल तर आपल्याकडे दोन वाटा. एक ‘वन-मेक’, म्हणजे सगळ्यांना एकाच कंपनीची एकसारखी गाडी, जशी फोक्सवॅगनने २०१० ला पोलो कप काढली, सुरुवातीला डिझेल गाड्यांवर. गाडी कंपनीची, सेटअप त्यांचा, तुम्ही पैसे भरून हेल्मेट घेऊन जायचं. कोल्हापूरचा ध्रुव मोहिते अशाच फोक्सवॅगन मालिकेत पळाला. दुसरी वाट टूरिंग वर्गाची, जिथे गाडी कुणीतरी तयार करावी लागते. सस्पेन्शन, इंजिनाच्या हेडचं काम, वजन कमी करणं, सगळं आलं. ज्याच्याकडे गॅरेज आहे किंवा मशीन शॉपची सवय आहे त्याने ही वाट बघावी, ड्रायव्हर म्हणून नसेल तर टीममधला माणूस म्हणून. वन-मेकमध्ये बॉनेटला हात लावू देत नाहीत.

वेळेचंही बघून घ्या. ब्रिटनचा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. तिकडची दुपारी चारची शर्यत इथे रात्री साडेआठला, म्हणजे जेवणाच्या ताटासमोर. बाथर्स्ट ऑक्टोबरातल्या एका रविवारी, आपल्याकडे पहाटे सहाच्या सुमाराला सुरू होऊन दुपारपर्यंत चालते.

माझं म्हणणं विचाराल तर नवख्याने वर्षभर बीटीसीसी धरावी, कारण नियम शिकायला तिच्यासारखी शाळा नाही, आणि ऑस्ट्रेलियातलं फक्त बाथर्स्ट बघावं. ज्याला स्टीअरिंगची खाज आहे त्याने मात्र दोन्ही सोडून आधी कोल्हापूर गाठावं. मोहिते रेसिंग अॅकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत, बेळगावहून दोन तासांची वाट. कार्टला सस्पेन्शन नसतं, दहा लॅपमध्ये बरगड्या आणि मनगटं बोलायला लागतात. त्यानंतरही हौस टिकली, तर एफएमएससीआय या देशातल्या मोटर शर्यतींच्या संघटनेच्या परवान्याची चौकशी करा. गाडी शोधायला त्याच्या आधी निघू नका.