चाळीस लिटरची सॅक, चौसष्ट दिवस आणि पाच नंबरची चेन

सॅकच्या कंपनीने गेल्या आठवड्यात बिघडलेल्या चेनसाठीचा वॉरंटीचा दावा तिसऱ्यांदा फेटाळला, म्हणून नऊ महिन्यांचा अनुभव आता सविस्तर लिहिते आहे. माप, कापड, कप्प्यांची संख्या ही माहिती खरेदीच्या पानावर सर्वांनी वाचलेलीच असते, त्यामुळे ती पुन्हा देत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी एकटी लिस्बनला उतरले आणि डिसेंबरच्या सुरुवातीला मालागाहून परत निघाले. मधल्या चौसष्ट दिवसांत पोर्तुगालचा दक्षिण भाग आणि स्पेनमधील आंदालुसिया मी बस, रेल्वे, बोट आणि मुख्यतः पायी पाहिला. निवृत्तीनंतर साठवलेल्या पैशांतून केलेला प्रवास होता, त्यामुळे दिवसाला पंचेचाळीस युरोंच्या वर जायचे नाही, असे घरूनच ठरवून निघाले होते.

मावसबहिणीचा आग्रह चाकांच्या बॅगेचा होता, आणि लिस्बनमध्ये पहिल्या दिवशी अल्फामा या जुन्या, चढणीच्या वस्तीच्या पायऱ्या चढताना, खांदे भरून आल्यावर, तिचे ऐकायला हवे होते असे मला मनापासून वाटले. दोनच दिवसांत मत बदलले. तेथील पदपथ पांढऱ्या चुनखडीच्या आणि काळ्या बसाल्टच्या लहान लहान तुकड्यांनी हाताने जडवलेले असतात. वर्षानुवर्षांच्या पावलांनी दगड गुळगुळीत होतात आणि त्यांच्या सांध्यांत चाके अडकतात. माझ्याच खोलीत उतरलेल्या एका मुलीच्या बॅगेचे चाक रोसिओच्या चौकात निखळले, आणि उरलेला प्रवास ती तेवीस किलोंचे ओझे उचलून करत होती. माझी सॅक पाण्याच्या बाटलीसह सात किलो दोनशे ग्रॅम भरत असे. कमरेचा पट्टा नीट आवळला की निम्मे वजन कमरेवर येते, हे पुढच्या एव्होरा या गावापर्यंत अंगवळणी पडले.

एव्होराच्या जुन्या जलसेतूच्या कमानींत लोकांनी घरे बांधली आहेत. दोन दगडी खांबांच्या मध्ये दार, त्यावर खिडकी आणि वर पाण्याची पन्हळ. त्या गल्लीतून मी पाठीवर ओझे घेऊन सावकाश चालले, कारण बस संध्याकाळची होती आणि सामान ठेवण्याचे पाच युरो मला वाचवायचे होते. सामान ठेवण्यावर चौसष्ट दिवसांत मी एकूण दहा युरोच खर्च केले. या सॅकची खरी किंमत अशा हिशेबात वसूल झाली आहे, आणि ती प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. वसतिगृहातील कुलूपबंद कपाटात ती आडवी बरोबर बसते. तेथील बाईंनी कपाटाची किल्ली हातात देताना उच्चारलेला पोर्तुगीज शब्द ऐकला आणि आपल्या 'चावी'चे माहेर कळले.

सीमा ओलांडतानाही सॅकचा उपयोग झाला. पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्याची रेल्वे विला रेआल द सांतु आंतोनियूला संपते आणि पुढे स्पेनमध्ये रूळ जात नाहीत. 1991 साली झालेला पूल महामार्गाचा आहे, त्यामुळे पायी प्रवाशाने ग्वादियाना नदी बोटीने ओलांडून आयामोंतेला उतरायचे आणि तेथून बस पकडायची. या काही मिनिटांत घड्याळ एक तास पुढे करावे लागते, कारण पोर्तुगालची वेळ स्पेनच्या एक तास मागे असते. मी तो तास आधीच धरला होता, धक्क्यापासून बसस्थानकापर्यंत टॅक्सीविना चालत गेले आणि सेव्हियाची बस वेळेत मिळाली.

आता चेनविषयी. मुख्य कप्प्याच्या चेनच्या रनरची, म्हणजे दात जुळवत सरकणाऱ्या तुकड्याची, मागची बाजू उलटून पाहिली तर तेथे 5 हा आकडा कोरलेला आहे. हा आकडा बंद चेनच्या दातांची रुंदी साधारण किती मिलिमीटर आहे ते सांगतो. पाच नंबर पर्सला, उशीच्या अभ्र्याला किंवा सॅकच्या बाहेरच्या लहान खिशाला ठीक आहे. सात किलो सामान दाबून भरायच्या आणि दिवसातून चार वेळा उघडायच्या कप्प्याला आठ किंवा दहा नंबर लागतो. खरेदी करताना मी शिलाई ओढून पाहिली, अस्तर चाचपले, बक्कल वीस वेळा लावले, पण रनर उलटून पाहिला नाही.

त्याआधी पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावरील ताविराच्या समोरच्या बेटावर बोटीने जाऊन मी चार दिवस समुद्रस्नान केले. तेथील बारीक वाळू सगळीकडे शिरते आणि खारी हवा मऊ धातूला खाते. तेव्हापासून रनर जड चालू लागला होता. स्पेनमधील कादिसला, म्हणजे प्राचीन फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवलेल्या आणि जवळजवळ चारही बाजूंनी समुद्र असलेल्या त्या शहरात, ला कालेताच्या किनाऱ्यावर सकाळ घालवून मी ग्रानादाच्या बससाठी निघाले. बसस्थानकावर सॅक खाली ठेवली तेव्हा रनर चेनच्या टोकापर्यंत पोहोचलेला होता, पण त्याच्या मागचे दात जुळलेलेच नव्हते, आणि माझे कपडे, औषधांची पिशवी व ओला पंचा फलाटावर पडला. दात शाबूत होते. रनरची दोन पाती झिजून फाकली होती, त्यामुळे दातांवर हवा तसा दाब येत नव्हता. परक्या गावात, एकटीने, सगळ्यांच्या देखत आपले सामान गोळा करताना जे वाटले, ते मी विसरलेले नाही. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सॅकला तीन वेढे देऊन बांधली आणि बस सोडून दिली. तिकिटाचे पैसे गेले.

बाजारपेठेजवळच्या चांभाराचे दुकान दुपारी बंद होते. तो पाच वाजता आला. चेनला स्पॅनिशमध्ये 'क्रेमायेरा' म्हणतात, हे मी तोवर वहीत लिहून ठेवले होते. त्याने सॅक मांडीवर घेतली, जुना रनर पकडीने कापून काढला, चेनच्या टोकाची शिलाई दोन बोटे उसवली, दातांतली वाळू दात घासायच्या जुन्या ब्रशने झाडली, त्यावर मेणबत्ती फिरवली आणि त्याच मापाचा जाड धातूचा नवा रनर ओवून टोक पुन्हा शिवले. वीस मिनिटांत काम झाले. त्याने सहा युरो घेतले, आणि माझ्या आग्रहाखातर बाहेरच्या खिशाचा रनरही बदलून दिला.

त्या रात्री मी कंपनीला छायाचित्रांसह पत्र लिहिले. अकराव्या दिवशी उत्तर आले की सॅक भारतातील जवळच्या सेवा केंद्रात घेऊन यावी. परतल्यावर गेले, तर बाहेरच्या माणसाकडून दुरुस्ती केल्यामुळे पाच वर्षांची वॉरंटी रद्द झाल्याचे सांगण्यात आले. दुसऱ्या वेळी 'वापरातील झीज' हे कारण मिळाले, आणि तिसऱ्या वेळी त्या दोन्ही कारणांचे एक पत्र. प्रवासी सॅक विकणाऱ्यांनी प्रवासात केलेली दुरुस्ती अपराध मानावी, याचा मला अजूनही राग येतो. पकडलेली बस सोडून, उघडी सॅक मिठीत घेऊन मी पुण्याला परत यावे, अशी त्यांची अपेक्षा होती काय?

कादिसच्या त्या संध्याकाळी लिहिले असते तर पाचपैकी एकच तारा दिला असता. पुढे ग्रानादात अल्बाइसीनच्या चढावर, दोन्ही हात मोकळे ठेवून, वाटेत डाळिंब सोलत मी सान निकोलासच्या चौकात पोहोचले, समोर आल्हाम्ब्राचा किल्ला-राजवाडा उन्हात तांबूस दिसत होता, आणि पाठीवर सॅक आहे हे मला काही वेळ जाणवलेही नाही. नेर्हा आणि मालागाला नवा रनर एकदाही अडला नाही. पाठीचा भाग, पट्ट्यांची शिलाई आणि तळाचे कापड आजही नव्यासारखे आहे, त्यामुळे तीन तारे देते. उरलेले दोन चेनपायी गेले.

मार्चमध्ये रविवार पेठेतील एका कारागिराकडून मुख्य कप्प्याची चेन काढून आठ नंबरची बसवून घेतली. अस्तर उसवून पुन्हा शिवण्यासह साडेचारशे रुपये लागले. कारखान्यात एवढा फरक काही रुपयांचा असणार. ऑक्टोबरमध्ये सिसिलीला सिराकूसा आणि चेफालूसाठी हीच सॅक नेणार आहे. बाहेरच्या खिशाला कादिसच्या चांभाराने बसवलेला रनर तसाच ठेवला आहे, तो अजून बोटाच्या एका ओढीने सरकतो.