खोऱ्यातली दगडफुलं: चौकट लावून मोजावीत की हिंडून शोधावीत?

डोंगरातल्या एखाद्या खोऱ्यात दगडफुलांच्या किती जाती आहेत हे पाहायला निघालात, की पहिल्याच सकाळी प्रश्न उभा राहतो: ठरलेल्या झाडांना चौकट लावून मोजायचं, की गळ्यात भिंग अडकवून हिंडायचं? (दगडफूल म्हणजे इथे सगळीच लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची एकत्र वाढ, मग ती दगडावरची असोत, खोडावरची वा मातीवरची.)

चौकटीचं काम शिस्तीचं. 10 सेंमी रुंद, 50 सेंमी उंच अशी पाच चौरसांची शिडी घ्यायची, तिची खालची कड जमिनीपासून एक मीटरवर ठेवायची आणि खोडाच्या चारही दिशांना लावायची. वीस चौरसांपैकी कितींमध्ये कोणती जात दिसली, ते लिहायचं. युरोपात 2014 पासून याचं ठरीव मानक आहे, ईएन 16413. त्याचा रोख हवेच्या प्रतीवर आहे, कारण हवा बिघडली की खोडावरची दगडफुलंही बदलतात. दहा वर्षांनी दुसरंच कोणी त्या खोडापाशी आलं, तरी दोघांचे आकडे शेजारी ठेवता येतात. हिंडून केलेल्या यादीला हे जमत नाही.

पण खोऱ्यात ही शिडी अडखळते, आणि कारण सालीत आहे. पाइन-स्प्रूसची साल आम्लधर्मी, अ‍ॅश-मेपलची बरीच कमी आम्ल. त्यामुळे त्यांच्यावरची वस्तीही वेगळी. तळाला रुंद पानांची झाडं, वर सूचिपर्णी, त्याहून वर झाडच नाही, अशी चढण असेल तर दोन टोकांच्या आकड्यांतला फरक उंचीचा, हवेचा की नुसता सालीचा, हे कळणार कसं? शिवाय ओढ्यातले भिजके धोंडे, कड्याखालची कोरडी कपार, कुजलेला ओंडका यांतलं काहीच शिडीत येत नाही. माझ्या मते खोऱ्याची खरी श्रीमंती तिथेच असते.

हिंडणारा तिथवर पोचतो. त्याची अडचण म्हणजे त्याची स्वतःची नजर. नवख्याला पानांसारखी आणि झुडपांसारखी दगडफुलं लगेच दिसतात. दगडाला घट्ट चिकटलेली खपली त्याला डागच वाटते. म्हणून यादीत नाही म्हणजे खोऱ्यात नाही, असं म्हणता येत नाही. यावर उपाय साधा आहे: प्रत्येक जागी तेवढाच वेळ, तीच माणसं, आणि दर पंधरा मिनिटांनी किती नव्या जाती सापडल्या याची नोंद. नवं सापडणं थांबलं की पुढे चला. पाण्याचा फवारा जवळ ठेवा. सुकं आणि भिजलेलं दगडफूल रंगाने इतकं वेगळं दिसतं की एकच जात दोनदा लिहिली जाते.

गंमत अशी, की हवेचा अंदाज घ्यायला शिडीच हवी असंही नाही. दगडफुलांचा अभ्यासक विल्यम नायलँडरने 1866 साली पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत वाढणारी दगडफुलं शहरात इतरत्र दिसत नाहीत हे टिपलं, ते नुसत्या पाहण्यातून. पोटॅश आणि ब्लीचचा थेंब टाकून रंग पाहण्याची चाचणीही त्याचीच, त्याच वर्षातली.

ओळख पटवण्याचा खर्च मात्र दोन्हीकडे आहे. थेंब-चाचणीवर बरंच भागतं, बाकीच्यांना सूक्ष्मदर्शक लागतो, आणि लेप्रारियासारख्या पिठूळ जातींना बहुधा क्रोमॅटोग्राफी, म्हणजे त्यांच्यातली रसायनं वेगळी करून ओळखणं. डीएनए तपासता येतो, पण ताडून पाहायला त्या जातीचा नमुना संग्रहात असेल तरच उपयोग. खपलीसाठी छिन्नी-हातोडा आणि कागदी पाकिटं घ्या. प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते.

चारच दिवस हाताशी आहेत आणि खोऱ्याची पहिलीच यादी करायची आहे? मग बिनधास्त हिंडा. काही वर्षांनी परत येऊन बदल मोजायचा असेल, तर एकाच जातीची झाडं एकाच उंचीच्या पट्ट्यात निवडून शिडी लावा आणि उरलेल्या वेळात ओढ्याकडे जा. परवानगीचा कागद तेवढा निघण्याआधीच हातात असू द्या.