पेलिकन १७५० रायफल केस: जड आहे पण विमानाला हीच घ्या
अमेरिकेत कोलोरॅडोला एल्कच्या (मोठं हरीण) शिकारीच्या सीझनला विमानाने जायचं म्हणून ही कडक पेटी घेतली. फोमसकट रिकामीच साधारण १२ किलो भरते, त्यामुळे २३ किलोच्या लिमिटमध्ये रायफल नि स्कोप (वरची दुर्बीण) बसतो, बाकी कपडेबिपडे विसरा. पण सगळ्या भोकांत कुलपं घातली ना की कोपरा उचकटून बोटसुद्धा आत जात नाही आणि टीएसएवाले (अमेरिकेतल्या विमानतळावरचे सुरक्षा तपासणीवाले) नेमकं तेच बघतात, नुसतं मधे कुलूप लावून भागत नाही. कुलपं टीएसएवालीच (त्यांच्या किल्लीने उघडणारी) हवीत असं काही नाही, साधी दणकट चालतात, किल्ली आपल्याकडेच ठेवायची. रायफल रिकामी, चेक-इन काउंटरवर स्वतःहून सांगायचं, गोळ्या खोक्यात, सुट्या अजिबात नाही. (आई फोनवर म्हणाली, एवढा खटाटोप कशाला, मटण विकत मिळत नाही का तिकडे!) सॉफ्ट केस स्वस्त मिळते पण विमानात चालतच नाही.