घरी रेट्रो गेम कन्सोल बनवायचा तर बोर्ड कोणता: झिरो २ डब्ल्यू, पाय ४ की सरळ तयार यंत्र?

आधी मत सांगतो, मग कारणं. जुने व्हिडिओ गेम चालवणारा, खिशात मावणारा कन्सोल स्वतःच्या हाताने बनवायचा असेल तर रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू घ्या. रास्पबेरी पाय म्हणजे एकाच छोट्या बोर्डवर मावणारा संगणक. त्याच घरातला पाय ४ जास्त ताकदीचा आहे, पण त्याची जागा टीव्हीखाली. आणि बनवण्याची हौस नाही, फक्त खेळायचंय, असं असेल तर तयार यंत्र घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

नागपूरच्या बर्डीच्या बाजारात सुटे भाग घ्यायला येणारी कॉलेजची पोरं पहिला प्रश्न हाच विचारतात, "भाऊ, कशावर जास्त गेम चालतात?" याचं उत्तर सोपं आहे. झिरो २ डब्ल्यू २०२१ मध्ये आला. त्यात १ गिगाहर्ट्झचे चार कोअर आणि ५१२ एमबी रॅम आहे. आपल्याकडे पिवळ्या कॅसेटवर खेळले जायचे ते ८-बिट गेम, मेगा ड्राइव्ह, सुपर निन्टेंडो, गेमबॉय अ‍ॅडव्हान्स या जुन्या कन्सोलचे गेम, हे सगळं तो आरामात चालवतो. पहिल्या प्लेस्टेशनचेही बहुतेक गेम चालतात. निन्टेंडो ६४ वर मात्र तो अडखळतो. पाय ४ हा २०१९ चा बोर्ड. ड्रीमकास्ट आणि पीएसपी या नंतरच्या कन्सोलचे बरेचसे गेम त्याच्यावर निघतात. तुमचा जीव पीएसपीत अडकला असेल तर झिरोच्या नादी लागू नका.

पण हातात धरायच्या यंत्राचं गणित गेमच्या यादीवर सुटत नाही. ते बॅटरीवर सुटतं, आणि नागपुरात उन्हावर.

३००० एमएएचचा ३.७ व्होल्टचा सेल घ्या. गुणाकार केला की ११.१ वॅट-तास होतात. पाय ५ व्होल्टवर चालतो, म्हणून मध्ये व्होल्टेज वाढवणारं बूस्ट मॉड्यूल लागतं. त्यात साधारण १५ टक्के जातात, हाती उरतात साडेनऊच्या आसपास. झिरो २ डब्ल्यू, छोटा स्क्रीन आणि स्पीकर मिळून अडीच वॅट धरले तर साडेतीन तासांच्या वर खेळ होतो. पाय ४ स्क्रीनसकट सहा वॅट सहज ओढतो, मग तोच सेल दीड तासात संपतो. दुप्पट सेल लावले की यंत्र जाड आणि जड होतं. पाय ४ मुळातच ८५ बाय ५६ मिलिमीटरचा, झिरो ६५ बाय ३० चा.

आता ऊन. लिथियम सेल साधारणपणे ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं त्याच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा ४५ च्या पुढे जातो, आणि बंद डब्यात सेलच्या शेजारी बोर्ड आणि बूस्ट मॉड्यूल दोन्ही तापत असतात. पाय ४ चं चिप ८० अंशांना पोचलं की स्वतःचा वेग कमी करतं. पंखा लावता येतो, पण पंखा म्हणजे आवाज, जागा आणि पुन्हा बॅटरी. झिरोला एवढी उष्णता नसते, मागे हवेसाठी थोडी भोकं ठेवली की पुरतं. कुठलाही बोर्ड असो, उन्हाळ्यात चार्जिंग रात्री किंवा कूलरच्या खोलीतच करा. डबा थ्रीडी प्रिंट करून घेणार असाल तर पीएलए हे प्लास्टिक टाळा, पीईटीजी मागा. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. दुपारी उन्हात उभ्या कारच्या डॅशबोर्डवर तेवढं तापमान सहज होतं.

जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल स्वस्त मिळतात. ते या कामाला वापरू नका. हे यंत्र लहान मुलांच्या हातात जाणार आहे.

चार्जिंगसाठी टीपी४०५६ चं छोटं मॉड्यूल सगळेच सुचवतात. चार्जिंगला लावून यंत्र बंद ठेवणार असाल तर ते चालेल. चार्जिंग चालू ठेवून खेळायचं असेल तर सेल कधी भरला हे त्याला नीट कळत नाही, कारण करंट बोर्डही ओढत असतो. तेव्हा लोड-शेअरिंगची, म्हणजे बोर्डाला आणि सेलला वीज वेगवेगळी देण्याची सोय असलेलं मॉड्यूल घ्या. पाय ४ च्या स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेची खूण चमकली तर मल्टीमीटर लावून ५ व्होल्टची लाइन बघा. ती ४.६३ च्या खाली गेली की पाय ४ ही खूण दाखवतो; झिरोवर ही सोय नाही, तिथे मल्टीमीटरच लावा. गेम लोड होतानाच ती चमकत असेल तर बहुधा बूस्ट मॉड्यूल कमी पडतंय किंवा वायर फार बारीक आहे.

स्क्रीनचं थोडक्यात सांगतो. ३२० बाय २४० चा एसपीआय स्क्रीन, म्हणजे मोजक्या वायरींवरून एकामागून एक बिट घेणारा, स्वस्त मिळतो आणि त्याला पिना कमी लागतात. पण एका चित्राचे सुमारे १२ लाख बिट होतात. ३२ मेगाहर्ट्झच्या एसपीआयवर सेकंदाला २६ च चित्रं जातात, आणि धावत्या गेममध्ये ते डोळ्याला कळतं. वेग वाढवून आणि फक्त बदललेला भाग पाठवणारा ड्रायव्हर टाकून काम भागतं. डीपीआय स्क्रीन अनेक वायरींवरून एकदम चित्र घेतो, म्हणून अगदी गुळगुळीत चालतो, पण जवळपास सगळ्या पिना खातो; मग बटणांसाठी प्रो मायक्रोसारखा वेगळा छोटा बोर्ड जोडावा लागतो. पहिल्यांदा बनवत असाल तर एसपीआयच घ्या.

आवाजासाठी झिरोवर हेडफोनचा सॉकेट नाही. मॅक्स९८३५७ए हे आयटूएस, म्हणजे आवाज डिजिटल रूपात घेणारं, अ‍ॅम्प्लिफायर लावा, आवाज स्वच्छ येतो. पाय ४ वर सॉकेट आहे, हा त्याचा खरा फायदा.

या दोन्ही बोर्डांवर बंद करायचं बटण नसतं. चालू असताना सरळ वीज तोडली तर एसडी कार्डवरचा डेटा बिघडू शकतो. म्हणून एक बटण शटडाउनसाठी राखून ठेवा, त्याची सेटिंग एका ओळीची आहे.

तयार यंत्रांत अ‍ॅनबर्निकचा आरजी३५एक्सएक्स किंवा मियू मिनी प्लस बघा. दोन्हींचा स्क्रीन साडेतीन इंची, ६४० बाय ४८० चा, म्हणजे जुन्या ३२० बाय २४० च्या बरोबर दुप्पट. चित्र रेखीव दिसतं. घरी सोल्डर केलेल्या टॅक्ट स्विचला (छोट्या दाबबटणांना) त्यांच्या बटणांची सफाई येत नाही, आणि सगळे सुटे भाग जोडून बघितले तर घरचा कन्सोल स्वस्तही पडत नाही. मग बनवायचा कशाला? बटण दाबल्यावर पिन ग्राउंडला कशी जोडली जाते, पाच व्होल्ट कुठून येतात, आवाज कुठून जातो, हे सगळं हाताखालून जातं म्हणून. आणि दोन वर्षांनी सेल थकला की तो बदलायला तुम्हाला कुणाकडे जावं लागत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बाजारात अशा यंत्रांसोबत हजारो गेम भरलेली कार्डं मिळतात, त्यातल्या बहुतेक गेमची परवानगी कुणी घेतलेली नसते. आजही जुन्या कन्सोलसाठी नवे गेम लिहिणारी माणसं आहेत, त्यातले बरेच मोफत देतात. सुरुवात तिथून करा.

झिरोवर ठरलं असेल तर सगळं एकदम विकत घेऊ नका. आधी बोर्ड, चांगलं कार्ड आणि मिनी एचडीएमआयची वायर घ्या. रेट्रोपाय ही जुने गेम चालवणारी प्रणाली आहे; तिची झिरो २ डब्ल्यूसाठीची इमेज (तयार फाइल) कार्डवर टाका, घरच्या टीव्हीला जोडा आणि कीबोर्डवर आठवडाभर खेळून बघा. हवे ते गेम नीट चालले तर मग स्क्रीन आणि बटणं. सेल आणि चार्जिंग सगळ्यात शेवटी, आणि डबा त्याच्याही नंतर, कारण सेलची जाडी हातात आल्याशिवाय डब्याचं माप घेता येत नाही.