फायनान्शियल इंजिनिअरिंगची पुस्तकं: कुठली नवी घ्यावीत, कुठली जुनी चालतात

ऐरोलीत एका बँकेच्या बॅक ऑफिसात मी डेरिव्हेटिव्हच्या, म्हणजे शेअर किंवा व्याजदरासारख्या दुसऱ्या गोष्टीवर किंमत ठरणाऱ्या करारांच्या, कन्फर्मेशनचं (सौद्याच्या अटी लेखी पक्क्या करण्याचं) काम बघते आणि नोकरी सांभाळून फायनान्शियल इंजिनिअरिंगचं मास्टर्स करते आहे. पहिलं वर्ष पार पडलं. आता आमच्या टीममधली दोन मुलं प्रवेश घेताहेत आणि दोघांचाही प्रश्न एकच, "ताई, पुस्तकांचं काय केलंत?" तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढते. फी पगारातून भरताना जीव मेटाकुटीला येतो. त्यावर यादीतलं प्रत्येक पुस्तक कोरं घ्यायचं म्हटलं तर कुणालाच झेपणार नाही, आणि तशी गरजही नाही.

माझा ठोकताळा असा. पुस्तकात मुख्यतः गणित असेल तर जुनी आवृत्ती बिनधास्त घ्या. बाजाराचे व्यवहार कसे चालतात हे शिकवणारं असेल तर नवी घ्या. यदृच्छ चढउतारांचं गणित म्हणजे इतो यांचं कॅल्क्युलस, त्याचा पाया १९४०च्या दशकातला; ऑप्शनची (ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याच्या हक्काची) किंमत काढणारा ब्लॅक आणि शोल्स यांचा निबंध १९७३चा. ते आवृत्तीगणिक बदलत नाहीत. व्याजदरांचं मात्र पार बदललंय.

म्हणून सुरुवात जॉन हल यांच्या 'ऑप्शन्स, फ्युचर्स अँड अदर डेरिव्हेटिव्ह्ज'पासून करते, कारण ते सगळ्यांच्याच यादीत पहिलं असतं. आपल्याकडे त्याची पिअर्सनची भारतीय आवृत्ती मिळते, तिच्यावर हल यांच्या जोडीला संकर्षण बसू यांचं नाव असतं. पेपरबॅक आहे, कागद पातळ आहे, पण अमेरिकेतल्या प्रतीच्या किमतीपुढे ही किंमत काहीच नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानात आठवी-नववी आवृत्ती त्याहूनही स्वस्तात पडलेली दिसते आणि हात आपोआप तिकडे जातो. इथे जरा थांबा.

आमच्या डेस्कवर २०२१ ते २०२३ हा सगळा काळ लायबॉरची, म्हणजे लंडनमधल्या बँकांच्या आपसातल्या कर्जावरून ठरणाऱ्या जुन्या प्रमाण व्याजदराची, निरवानिरव करण्यात गेला. पौंड, येन, युरो आणि स्विस फ्रँकचे बँकांच्या कोटेशनवर चालणारे लायबॉर २०२१च्या अखेरीस थांबले, डॉलरचे उरलेले ३० जून २०२३ला. जुन्या प्रत्येक स्वॅपचा (ठरावीक आणि बदलत्या व्याजाच्या हप्त्यांची अदलाबदल करणाऱ्या कराराचा) कागद काढून त्यात पर्यायी दराचं कलम आहे की नाही ते बघायचं, हे माझं रोजचं काम होतं. फरक नुसता नावाचा नाही. लायबॉरच्या स्वॅपमध्ये तीन महिन्यांचा दर मुदतीच्या सुरुवातीलाच ठरायचा, म्हणजे पुढचा हप्ता किती येणार ते पहिल्या दिवशीच कळायचं. डॉलर लायबॉरच्या जागी आलेल्या सोफर या दराच्या नेहमीच्या स्वॅपमध्ये रोजचा दर चक्रवाढीने जोडत जातात आणि हप्त्याचा आकडा मुदत संपत आल्यावर हाती येतो. आपल्याकडचा मिफॉर हा रुपयाच्या स्वॅपसाठीचा प्रमाण दरसुद्धा डॉलर लायबॉरवर उभा होता, त्यामुळे २०२१मध्ये सुधारित मिफॉर आणावा लागला. जुन्या हलमध्ये स्वॅप, फॉरवर्ड रेट (पुढच्या काळासाठी आजच ठरणारा दर), कॅप-फ्लोअर (व्याजाला वरची-खालची मर्यादा घालणारे करार) हे सगळं लायबॉर धरून मांडलेलं आहे. ते वाचून परीक्षा कदाचित निघेल, पण ऑफिसात बसल्यावर सगळं नव्याने शिकावं लागेल. अकरावी आवृत्ती लायबॉर जाणार हे गृहीत धरून लिहिलेली आहे. वर्षभर हलच चालणार असेल तर ती नवी कोरी घ्या, ते पैसे वाया जात नाहीत. तुमचा पेपर नुसत्या ऑप्शन्सचा असेल तर मात्र जुनी खुशाल घ्या. फक्त प्रकरणांचे क्रमांक आवृत्तीगणिक सरकतात, तेव्हा सरांनी क्रमांक सांगितला की प्रकरणाचं नावही विचारून घ्या.

हल यांचं बलस्थान म्हणजे बाजारात व्यवहार कसा होतो, मार्जिन (सौद्यापोटी ठेवायची रक्कम) कसं लागतं, हेज (तोट्यापासूनचं संरक्षण) कुणाला का हवा असतो, हे इतकं सोपं करून दुसरं कुणी सांगत नाही. सिद्धता मात्र आखडत्या हाताने दिल्या आहेत. त्यांचं डेरिव्हाजेम हे सॉफ्टवेअर त्यांच्या टोरँटो विद्यापीठाच्या पानावरून फुकट उतरवता येतं, त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

आता माझं सगळ्यात लाडकं पुस्तक. स्टीव्हन श्रीव्ह यांचं 'स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस फॉर फायनान्स', स्प्रिंगर, २००४, दोन खंड. बरेच जण पहिला खंड सोडून थेट दुसऱ्याला हात घालतात, कारण अभ्यासक्रमात दुसराच लावलेला असतो. माझं ऐका, पहिला घ्याच. दोनशे पानांच्या आतलं पुस्तक आहे, नाणं उडवण्यापलीकडे संभाव्यता लागत नाही, आणि पहिल्याच उदाहरणात अख्ख्या विषयाचा गाभा आहे. चार डॉलरचा शेअर उद्या आठ होईल किंवा दोन. व्याज पंचवीस टक्के. उद्या तो पाचला घेण्याचा हक्क म्हणजे कॉल ऑप्शन, त्याची आजची किंमत किती? शेअर वर जाण्याची खरी शक्यता किती, हे कुणी विचारतच नाही. १.२० डॉलर हाताशी घ्या, आणखी ०.८० उसने घ्या आणि अर्धा शेअर घ्या. उद्या शेअर आठ झाला तर तुमच्याकडे चार, त्यातून व्याजासकट एक डॉलर परत केला की तीन उरतात, ऑप्शनचे नेमके तेवढेच होतात. शेअर दोन झाला तर अर्ध्या शेअरचा एक डॉलर येतो, तो कर्जात जातो आणि हाती शून्य, ऑप्शनचंही शून्य. म्हणून किंमत १.२०. हे कागदावर स्वतः मांडून बघितलं त्या संध्याकाळी ऑफिसातल्या डेल्टा नावाच्या कॉलमचा अर्थ मला पहिल्यांदा पोटातून कळला. तो अर्धा शेअर म्हणजेच डेल्टा.

दुसरा खंड साडेपाचशे पानांचा, कठीण, आणि पर्याय नसलेला. याच्या बाबतीत खरेदी जपून करा. मी तो ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मागवला होता, किंमत संशय येण्याइतकी कमी नव्हती. पार्सल उघडलं तर मुखपृष्ठ झकास, आत स्कॅन करून छापलेली पानं. कागद पांढराफेक, कडेची अक्षरं कापलेली. एवढ्यावर कुणी म्हणेल, वाचता येतंय ना, मग झालं. पण या पुस्तकात रिस्क-न्यूट्रल मापासाठी, म्हणजे किंमत काढायला वापरायच्या कृत्रिम संभाव्यतेसाठी, पी या अक्षराच्या डोक्यावर एक नागमोडी रेघ असते, टिल्ड. खरी संभाव्यता म्हणजे साधा पी, किंमत काढायची ती टिल्डवाल्या पीने. पाचव्या प्रकरणात एका संभाव्यतेतून दुसरीत नेणाऱ्या गिर्सानोव्हच्या प्रमेयात डावीकडे टिल्डवाला डब्ल्यू (यदृच्छ हालचालीचं चिन्ह) आहे, उजवीकडे साधा डब्ल्यू अधिक एक इंटिग्रल. माझ्या प्रतीत ती रेघच उडाली होती. म्हणजे डब्ल्यू बरोबर डब्ल्यू अधिक इंटिग्रल! नवखा विद्यार्थी अशा ओळीवर रात्र घालवेल आणि शेवटी आपल्यालाच हे जमत नाही असं समजून पुस्तक मिटेल. मला याचा मनापासून राग येतो. डुप्लिकेट छापणारा लेखकाचे पैसे तर बुडवतोच, वर शिकणाऱ्याचा आत्मविश्वासही मारतो. तक्रार केल्यावर पैसे परत मिळाले, पण अभ्यासाचा वेळ गेला तो गेलाच.

तेव्हा श्रीव्ह हातात घेऊन, पानं चाळूनच घ्या. पाचवं प्रकरण काढा, डोक्यावरच्या रेघा, घातांक, सबस्क्रिप्ट नीट दिसताहेत का ते उजेडात बघा. दुसऱ्या खंडाची चुकांची यादी प्रसिद्ध झालेली आहे, ती मिळवून वाचायला घेण्याआधी पेन्सिलने दुरुस्त्या करून टाका. श्रीव्ह एकदम झेपत नसेल तर मधल्या पायरीला बॅक्सटर आणि रेनी यांचं 'फायनान्शियल कॅल्क्युलस' आहे, केंब्रिजचं, १९९६चं. लहानसं आहे, भाषा मोकळी आहे, जुनी प्रत अगदी चालते.

आमच्या वेळी असं हातात घेऊन बघायची सोय ठाण्यातच झाली. स्टेशनच्या पश्चिमेला, इंजिनिअरिंगची पुस्तकं ठेवणारं एक लहानसं दुकान आहे, ट्रान्स-हार्बर लोकलने उतरलं की चालत जाण्याच्या अंतरावर. फायनान्शियल इंजिनिअरिंग म्हटल्यावर काकांनी पहिल्यांदा मेकॅनिकलच्या कपाटाकडे बघितलं होतं, पण लेखकाचं नाव सांगितलं की पुरे. "ताई, नाव नको, आयएसबीएन द्या. एकाच नावाची चार पुस्तकं येतात." आयएसबीएन म्हणजे प्रत्येक आवृत्तीचा वेगळा क्रमांक, हे मी तिथेच शिकले. नवी प्रत ते वितरकाकडून मागवून देतात, छापील किमतीवर सूट देतात. पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे छापील किमतीवर आणखी कर म्हणून कुणी काही लावत असेल तर तिथून निघा. बाहेरून येणारी प्रत असेल तर २०१९पासून पाच टक्के आयात शुल्क आणि डॉलरचा भाव किमतीत धरलेला असतो, तिथे ते फार कमी करू शकत नाहीत, आणि तसं आधीच सांगतात. मला सगळ्यात आवडली ती त्यांची परतीची रीत. सेमिस्टर संपल्यावर पुस्तक चांगल्या स्थितीत आणून दिलं तर जवळपास निम्मे पैसे हातात ठेवतात, त्यासाठी त्यांच्या शिक्क्याचं पान फाडलेलं नसावं एवढीच अट. अडचण एकच, मागवलेलं पुस्तक कधी येईल याचा भरवसा नाही. परीक्षेच्या तोंडावर तिथे जाऊ नका. तिथे नसेल तर किंग्ज सर्कलचा फूटपाथ गाठा, संख्याशास्त्राची आणि संभाव्यतेची जुनी पुस्तकं तिथे चांगली मिळतात.

काही पुस्तकांसाठी मात्र एक पैसाही खर्च करायला नको, आणि हे अनेकांना माहीत नसतं. ऑप्टिमायझेशनसाठी (मर्यादेत राहून सर्वोत्तम उत्तर शोधायच्या गणितासाठी) बॉइड आणि वँडनबर्ग यांचं 'कॉन्व्हेक्स ऑप्टिमायझेशन' आणि मशीन लर्निंगसाठी हेस्टी, टिबशिरानी, फ्रीडमन यांचं 'द एलिमेंट्स ऑफ स्टॅटिस्टिकल लर्निंग', या दोन्हींची पीडीएफ लेखकांनी स्वतःच आपापल्या पानावर मोफत ठेवलेली आहे. बॉइडची मी दुसरं ते पाचवं एवढीच प्रकरणं छापून स्पायरल बाइंडिंग केली. मार्कोविट्झचा पोर्टफोलिओ (जोखीम आणि परतावा तोलून गुंतवणूक वाटायची रीत) चौथ्यात येतो, द्वैत म्हणजे ड्युअ‍ॅलिटी पाचव्यात, पहिल्या वर्षाला तेवढं पुष्कळ होतं. टाइम सिरीजसाठी (काळानुसार बदलत्या आकड्यांच्या अभ्यासासाठी) त्साय यांच्या 'अ‍ॅनालिसिस ऑफ फायनान्शियल टाइम सिरीज'ची तिसरी आवृत्ती, २०१०ची, मी जुनीच घेतली आणि काही अडलं नाही. एनपीटीईएल या मोफत ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर गुवाहाटी आयआयटीच्या प्राध्यापकांचा 'मॅथेमॅटिकल फायनान्स'चा कोर्स आहे, श्रीव्हच्या आधी तो बघून घ्या.

झेरॉक्सबद्दल मुलं बिचकत विचारतात. शिकवण्यासाठी पुस्तकांतले उतारे काढून केलेल्या कोर्स-पॅकवर मोठ्या प्रकाशकांनी दिल्लीत दावा लावला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६मध्ये तो फेटाळला आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी माघार घेतली. त्यामुळे सरांनी दिलेल्या प्रकरणाची प्रत काढताना अपराधी वाटून घेऊ नका. अख्खं पुस्तक छापून बांधून विकणं ही गोष्ट निराळी.

माझा मामेभाऊ याच विषयासाठी अमेरिकेला निघालाय. त्याच्यासारख्यांना एक सांगणं. भारतीय आवृत्तीवर ती याच उपखंडात विकण्यासाठी असल्याचा मजकूर असतो, तो बघून घाबरू नका. परदेशात छापलेल्या स्वस्त प्रती अमेरिकेत विकणाऱ्या कर्टसेंग नावाच्या थाई विद्यार्थ्यावर विली प्रकाशनाने खटला भरला होता, आणि २०१३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्याच्या बाजूने कौल दिला. स्वतःच्या अभ्यासाची पुस्तकं बॅगेत घालून नेण्यात काहीच गैर नाही. हल आणि लुएनबर्गर यांचं 'इन्व्हेस्टमेंट सायन्स' इथूनच घेऊन जा. फक्त स्थानिक आवृत्त्यांमध्ये प्रकरणाअखेरच्या उदाहरणांचे क्रमांक कधीकधी वेगळे असतात, आणि गृहपाठ क्रमांकावरून लावला जातो. तिथे पोचल्यावर ग्रंथालयातल्या प्रतीशी एकदा ताडून घ्या.

मी अजून घेतलेलं नाही असं एकच पुस्तक उरलंय, ग्लासरमन यांचं 'मॉन्टे कार्लो मेथड्स इन फायनान्शियल इंजिनिअरिंग'. मॉन्टे कार्लोवर, म्हणजे यदृच्छ शक्यता हजारो वेळा चालवून किंमत काढण्यावर, तोडीचं दुसरं नाही. मला परवडेल अशी प्रत अजून दिसलेली नाही, आणि स्कॅन करून छापलेली प्रत मी घेणार नाही. आमच्या विद्यापीठाच्या लॉगिनवरून स्प्रिंगरची प्रकरणं उतरवता येतात, तूर्त तिसरं आणि चौथं तसंच वाचते आहे. काकांकडे नाव आणि आयएसबीएन लिहून ठेवलाय. तुमच्यापैकी कुणाला जुनी, स्वच्छ छपाईची प्रत विकायची असेल तर मला जरूर सांगा.