१९७७ पूर्वीची आणि नंतरची नॅशनल रायफल असोसिएशन

अमेरिकेचे यादवी युद्ध लढलेल्या अधिकाऱ्यांनी १८७१ मध्ये न्यूयॉर्क येथे ही संघटना स्थापन केली ती सैनिकांची नेमबाजी सुधारावी म्हणून, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे तिचे लक्ष मुख्यतः प्रशिक्षण, स्पर्धा आणि शिकार यांवर राहिले. १९३४ मध्ये तिचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले की, सर्रास शस्त्र बाळगून फिरणे आपल्याला मान्य नाही, त्यावर कडक निर्बंध आणि परवाना असावा. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यालाही नेतृत्वाने सरसकट विरोध केला नाही.

हाच मवाळपणा अनेक सभासदांना खुपला. मे १९७७ मध्ये सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत बंदूक बाळगण्याच्या हक्काचे कट्टर समर्थक हार्लन कार्टर यांच्या गटाने रात्रभर चाललेल्या मतदानातून जुने नेतृत्व हटवले. या नव्या संघटनेसाठी बंदूक म्हणजे सर्वप्रथम अमेरिकी राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने दिलेला शस्त्र बाळगण्याचा हक्क. १९८० मध्ये तिने राष्ट्राध्यक्षपदासाठी रेगन यांना जाहीर पाठिंबा दिला, आणि १९८६ मध्ये १९६८ चा कायदा बराच सैल झाला.

मला जुनी भूमिका अधिक जबाबदार वाटते. मात्र तीही निव्वळ नियंत्रणाच्या बाजूची नव्हती, कारण समितीपुढे असलेल्या १९३४ च्या शस्त्रनियंत्रण विधेयकातून पिस्तुले वगळली गेली, त्यात तिच्याच विरोधाचा मोठा वाटा होता.