ऐन हंगामात बॉयलर निववायला सांगणारं ॲप: वर्षभर वापरल्यानंतर

कारखान्याच्या परवान्यांच्या आणि सर्टिफिकेटांच्या मुदती सांभाळणारं हे ॲप. सर्टिफिकेट अपलोड करा, मुदत टाका, ती संपायच्या आधी ॲप आठवण करून देतं. आमचं रत्नागिरीजवळ आंबा कॅनिंगचं छोटं युनिट. भिंतीवरच्या कॅलेंडरावर मुदती लिहिणारे हिशेबनीस निवृत्त झाले, म्हणून हे घेतलं.

आठवण मुदतीच्या 30 दिवस आधीच येणार, बेसिक प्लॅनमध्ये ते बदलता येत नव्हतं. बॉयलरचं सर्टिफिकेट मे महिन्यात संपणारं. आठवण आली तेव्हा दारात क्रेटची रांग! बॉयलरची तपासणी म्हणजे नुसता शिक्का नव्हे. आग बंद करा, बॉयलर पूर्ण निवू द्या, पाणी काढा, मॅनहोल उघडून आतले क्षार खरवडा, मग निरीक्षक आतून बघणार, वर हायड्रॉलिक टेस्ट, म्हणजे पाणी भरून दाबाची चाचणी. आमचा अटेंडंट म्हणाला, "शेठ, बॉयलर निववतो मी, पण आंब्याला कोण थांबवणार?" पिकलेला माल पडेल भावात दुसऱ्याच्या युनिटला घातला.

कस्टमर केअरचं उत्तर, "सर, रिमाइंडर वेळेत गेलाय." घ्या! मृगाआधी माल संपवायचा असतो हे याला कोण सांगणार? तारीख आपल्या सोयीची हवी तर वरचा प्लॅन घ्या म्हणे, जवळजवळ दुप्पट पैसे. तेव्हा एकच तारा दिला होता.

गणपतीनंतरच्या अपडेटमध्ये तीच सोय बेसिकमध्ये आली. भांडणाचा परिणाम असेल किंवा नसेल. तपासणी दिवाळीआधी, युनिट बंद असतानाच उरकली. बारा महिन्यांच्या मुदतीत पुढचा हंगाम आरामात बसतो. आठवण आता 90 दिवस आधी लावलीय.

बाकी काम चोख. फायरचा फॉर्म बी (आगीपासून बचावाची यंत्रणा ठीक असल्याचा दाखला) जानेवारीत आणि जुलैत, वजनकाट्याचं वर्षाचं स्टॅम्पिंग, काहीच चुकलं नाही. एकदा निर्यातदाराने रात्री सगळे कागद मागितले. पानं वाढेपर्यंत ॲपातून सगळ्या कागदांची लिंक गेली. तिथे मात्र पैसे वसूल वाटले.

गंमत जीआयची, म्हणजे भौगोलिक मानांकनाची. हापूसला 2018 मध्ये जीआय मिळालं, तरी कोकणात विकायला निघालेल्या या ॲपात त्याचा रकाना नाही. 'इतर'मध्ये टाकायला गेलो तर अधिकृत वापरकर्ता (जीआयचं नाव वापरायला नोंदणी झालेला) म्हणून मिळालेली दहा वर्षांची मुदत घेईना, पाचच्या पुढे वर्षच नाही.

आणि नूतनीकरणाचा अर्ज वेळेत भरला, तरी नवीन कागद हाती येईपर्यंत लाल अक्षरात 'एक्स्पायर्ड'. अर्जाची पावती जोडायला जागा नाही. तीच लाल अक्षरं लिंकवर ग्राहकालाही दिसतात, मग समजावत बसा.

वर्गणी पुन्हा भरलीय, एकाच वर्षाची. तीन वर्षांची घेतली तर सूट आहे, पण पावतीची सोय झाली की बघू. तूर्त साडेतीन तारे.